क्रूझ जहाजावरच्या कॅसिनोतली नोकरी: चार कॉन्ट्रॅक्टं करून आल्यावरचा माझा रिव्ह्यू

मी क्रूझवर कॅसिनो डीलर म्हणून, म्हणजे टेबलावर पत्ते वाटून खेळ चालवणारी म्हणून, चार कॉन्ट्रॅक्टं केली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत, आणि दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच की कशी आहे नोकरी, जाऊ का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कुठे कापला ते पुढे येईलच, पण आधी एक गोष्ट समजून घ्या, ती कळली नाही तर बाकीचं सगळं डोक्यावरून जाईल.

जहाज बंदरात असलं की कॅसिनो बंद. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, त्या त्या देशाची हद्द असते आणि बहुतेक देशांत तेवढ्या भागात जहाजाला जुगार चालवू देत नाहीत. काही ठिकाणी नियम वेगळे आहेत पण ढोबळ हिशोब हाच, की जहाज सुटलं, हद्दीच्या बाहेर पडलं, की मगच टेबलं उघडायची. म्हणूनच हवाई बेटांतच फिरणाऱ्या प्राइड ऑफ अमेरिका या जहाजावर कॅसिनोच नाही, कारण हवाईत जुगाराला बंदी आहे. (डिस्नीच्या क्रूझवरही कॅसिनो नसतो पण ते त्यांचं फॅमिली धोरण म्हणून, तिथे अर्ज करत बसू नका.) तर या नोकरीत जे जे चांगलं आहे ते या एका नियमामुळे आहे आणि जे जीव काढतं तेही यामुळेच.

चांगलं आधी सांगते. जहाजावरचे वेटर, केबिन आवरणारे, किचनमधले लोक, त्यांना बंदर काय नि समुद्र काय, पॅसेंजर जेवणार आणि झोपणार म्हणजे ते कामावर. त्यांना खाली उतरायला मिळतात दोन-तीन तास, तेही झोप मोडून. कॅसिनोवाल्यांचं तसं नाही. सकाळी आठला जहाज लागलं आणि संध्याकाळी सहाला सुटणार असेल तर मधला अख्खा दिवस आपला. मी अलास्कातल्या ज्युनोला बसने जाऊन मेंडनहॉल ग्लेशियर बघितला, माँटेनेग्रोतल्या कोटोरला धक्क्यावरून चालत जाऊन तटबंदीच्या सगळ्या पायऱ्या चढले आणि वर बसून खालचं आपलं जहाज बघत राहिले, सँतोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही म्हणून छोट्या बोटीतून जावं लागतं आणि क्रूचा नंबर पॅसेंजर उतरून गेल्यावर, तरी पण चार तास मिळाले. हे सगळं पगार चालू असताना. एवढी मोकळीक त्या जहाजावर आमच्याशिवाय फार थोड्या डिपार्टमेंटना होती, दुकानवाले त्यातले एक कारण त्यांचंही दुकान बंदरात बंद.

दर वेळी उतरता येतं असं मात्र समजू नका. इन पोर्ट मॅनिंग म्हणून प्रकार असतो, सगळे त्याला आयपीएम म्हणतात. बंदरात असताना आग लागली, काही झालं, तर जहाज सांभाळायला ठराविक क्रू वर असायलाच लागतो, त्यामुळे पाळीपाळीने तुम्हाला जहाज सोडायची परवानगी नसते. आणि दर आठवड्याला ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की तुम्ही डीलर नाही, तुम्ही जहाजाचा क्रू, लाइफ जॅकेट घालून ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि खरीच वेळ आली तर पॅसेंजरना जिन्यावरून वाट दाखवायची. पहाटे चारला झोपून साडेनऊच्या ड्रिलला उठणं जिवावर येतं, तरी पण मी ड्रिलची तक्रार कधीच करणार नाही. तीन हजार लोक आहेत त्या बोटीवर, त्यात माझ्या टेबलावर काल हसत बसलेल्या आज्जी पण आहेत.

आता समुद्राचे दिवस, सी डे. त्या दिवशी पॅसेंजर कुठे जाणार, सगळे जहाजावरच, मग सकाळी दहा-अकराला टेबलं उघडतात आणि बंद होतात शेवटचा माणूस उठेल तेव्हा, तीन वाजता, कधी चारला. शिफ्ट तोडून देतात, दुपारी चार तास, रात्री सहा-सात तास, मधल्या वेळात झोप येत नाही आणि झोपलं तर उठवत नाही. कायदा आहे, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, २००६ मध्ये झाला आणि २०१३ पासून लागू आहे, त्यात स्पष्ट आहे की चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती आणि आठवड्यात किमान ७७ तास, आणि ते १० तास फार तर दोनच तुकड्यांत, त्यातला एक सलग ६ तासांचा हवाच. डीलर असलात तरी तुम्ही या कायद्यात सीफेअरर, म्हणजे जहाजावरचे कामगारच आहात, हे पाठ करून ठेवा. कारण माझ्या पहिल्या कंपनीत आम्हाला दर महिन्याच्या शेवटी तासांच्या शीटवर सही करायला बोलवायचे आणि त्यात मी प्रत्यक्षात केलेल्यापेक्षा कमी तास भरलेले असायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी मुकाट सही केली, नवीन होते, घाबरले होते. तिसऱ्या महिन्यात माझी स्वतःची डायरी घेऊन गेले आणि तास दुरुस्त करून मागितले, केले त्यांनी, तोंड वाकडं करून पण केले. दुसऱ्या कंपनीत हे सगळं कार्ड पंच करून चालायचं आणि दहा तासांची विश्रांती मोडायला लागली की मॅनेजर स्वतः शिफ्ट बदलायचा. म्हणजे होतं करायचं ठरवलं तर.

सगळ्यात वाईट अटलांटिक क्रॉसिंग. वसंतात जहाजं कॅरिबियनमधून भूमध्य समुद्राकडे जातात आणि शरद ऋतूत परत येतात, सलग सहा-सात दिवस नुसता समुद्र, कॅसिनो रोज पूर्ण वेळ चालू. पूर्वेकडे जाताना जवळपास रोज रात्री घड्याळ एक तास पुढे, म्हणजे तुमची झोप रोज एक तास कमी. पाचव्या दिवशी मी ब्लॅकजॅकच्या (पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायचा खेळ) टेबलावर सोळाला एकवीस समजून पैसे देणार होते, शेजारच्या टेबलावर लक्ष ठेवणाऱ्या इन्स्पेक्टरने हात दाखवून थांबवलं. पश्चिमेकडे जाणारं क्रॉसिंग मिळालं तर घ्या, तिथे दिवस पंचवीस तासांचा असतो, शरीराला केवढा फरक पडतो ते मी सांगू शकत नाही.

पण पैसे सी डेलाच असतात हेही तेवढंच खरं. बेसिक पगार ठरलेला, त्यावर टिप्स, आणि टिप्स सगळ्या डीलरच्या एकत्र डब्यात जाऊन तासांप्रमाणे वाटल्या जातात. बंदरं जास्त असलेला रूट म्हणजे फिरणं भरपूर आणि डबा हलका, समुद्र जास्त असलेला रूट म्हणजे डबा भरलेला आणि तुम्ही अंधाऱ्या केबिनमध्ये दुपारी दोनला झोप शोधताय. माझ्याकडे कुणी सल्ला मागितला तर मी आधी रूट विचारते, कंपनी नंतर. तीन-चार दिवसांच्या छोट्या क्रूझ असतील तर पार्टीवाले लोक, गोंधळ, दारू, टिप्स बऱ्या. लांब क्रूझवर वयस्कर मंडळी, पैसे थोडेच लावतात, पण नावाने हाक मारतात, तब्येत विचारतात, दोन महिन्यांनी उतरताना डोळ्यांत पाणी असतं.

कामाबद्दल बोलायला मला मनापासून आवडतं कारण काम सुंदर आहे. बाहेरून वाटतं पत्ते वाटायचे त्यात काय. रुलेट, म्हणजे फिरत्या चाकात बॉल कुठल्या नंबरावर पडेल त्यावर पैसे लावायचा खेळ, तो शिका म्हणजे कळेल. एका नंबरवर लावलेल्या चिपला ३५ पट, दोन नंबरांच्या मधल्या रेषेवर १७ पट, तीनच्या ओळीला ११, चार नंबरांच्या कोपऱ्यावर ८, सहाच्या ब्लॉकला ५. बॉल पडला की नंबरावर आणि भोवती चिप्सचा ढीग, आणि तो ढीग एका नजरेत वाचायचा. मधल्या रांगेतल्या नंबरावर एक चिप, चारही बाजूंच्या रेषांवर एकेक, चारही कोपऱ्यांवर एकेक, झाले १३५, हे मोजून नाही, बघून कळायला पाहिजे, फोटोसारखं. शाळेत घोकलेला सतराचा पाढा आयुष्यात पहिल्यांदा पोटापाण्याला कामी आला, सतरा पाचे पंच्याऐंशी म्हणत म्हणत मी ट्रेनिंगमध्ये रात्री चिप्स लावत बसायचे. वीस चिप्सचा गठ्ठा न मोजता हाताने तोडता येतो सहा महिन्यांनी, बोटांनाच कळतं. जहाज हलत असताना हे करायचं म्हणजे आणखी कसब. स्टॅबिलायझर असतात तरी वादळात चिप्सचे खांब डुलतात आणि तुम्ही पोटात ढवळत असताना चेहऱ्यावर काही न दाखवता चाक फिरवता. टेबल सोडताना दोन्ही हात वर करून पालथे-उलथे दाखवायचे, वर कॅमेरा असतो, की बघा काही घेतलं नाही. सुरुवातीला मला ते अपमानाचं वाटायचं. नंतर तीच सवय माझी ढाल झाली, एकदा एका पॅसेंजरने माझ्यावर चिप ढापल्याचा आरोप केला आणि दहा मिनिटांत फुटेज बघून विषय संपला.

आणि हे काम करताना गणितही लपून राहत नाही. एका शून्याच्या रुलेटमध्ये ३७ खाने, घराचा म्हणजे कॅसिनोचा वाटा २.७० टक्के. दोन शून्यांच्या चाकात ३८ खाने, वाटा ५.२६ टक्के, जवळपास दुप्पट, आणि पैसे मात्र दोन्हीकडे ३५ पटच मिळणार. पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर पूर्वी लावलेल्या दहावर पंधरा मिळायचे, आता अनेक जहाजांवरच्या टेबलांवर सहास पाच लिहिलेलं असतं म्हणजे दहाला बाराच. लोक ती पाटी वाचत नाहीत. डीलरने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तर मी खरं सांगायचे, नेहमी.

इथेच माझा पहिला अर्धा स्टार गेला. जमिनीवरच्या कॅसिनोत हरलेला माणूस घरी जातो, डीलरही घरी जातो. जहाजावर तो हरलेला माणूस पुढचे पाच दिवस तुमच्यासोबतच असतो. एक गृहस्थ सात दिवसांच्या क्रूझवर दुसऱ्या रात्री एकटे आले, बायको-मुलं झोपल्यावर. जहाजावर खोलीचं कार्डच तुमच्या खात्याला जोडलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी त्याच कार्डावर चिप्सही काढता येतात, हातात नोटा येतच नाहीत त्यामुळे किती गेले ते जाणवत नाही, जाणवतं शेवटच्या दिवशी बिल आल्यावर. ते रोज यायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी मी पॅसेंजरांच्या बुफेत नाश्ता घेत होते तर समोर तेच, मुलीला पॅनकेक कापून देत होते, त्यांनी मला बघितलं आणि नजर खाली घातली. त्या रात्री मी पिट बॉसला, म्हणजे टेबलांवरच्या सुपरवायझरला, जाऊन सांगितलं की या माणसाशी कुणीतरी बोला. ती चांगली बाई होती, बोलली, आणि त्या गृहस्थांनी स्वतःहून कॅसिनोचा अॅक्सेस बंद करून घेतला, अशी सोय असते पण ती सांगणारं कुणी नसतं. कारण त्याच कॅसिनोत एक होस्ट असतो, त्याचं काम जास्त खेळणाऱ्याला फुकट ड्रिंक आणि पुढच्या क्रूझची ऑफर देणं. दुसऱ्या एका जहाजावर मी असंच सांगायला गेले तर मला सांगितलं गेलं की तू तुझे पत्ते वाट. हे ज्याला सहन होत नाही त्याने केजमध्ये, म्हणजे चिप्स-पैशांच्या खिडकीवर, कॅशियर म्हणून जावं किंवा दुसरं डिपार्टमेंट बघावं, मी तेव्हा दोन रात्री झोपले नव्हते.

दुसरा अर्धा स्टार धुरासाठी. अनेक जहाजांवर बंद जागेत सिगारेट चालते ती फक्त कॅसिनोत, म्हणजे अख्ख्या जहाजाचे सिगारेटवाले तुमच्या टेबलाभोवती. तुम्ही टेबल सोडू शकत नाही, तोंड फिरवू शकत नाही, धूर सरळ चेहऱ्यावर येतो. मी आयुष्यात सिगारेट ओढली नाही आणि तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी मला जिना चढताना खोकला यायला लागला. जहाजाचा डॉक्टर फुकट असतो, तो हक्क आहे, त्याने तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की कामाची जागा बदल. काही जहाजांवर आता नो स्मोकिंग भाग किंवा पूर्ण नो स्मोकिंग कॅसिनो झालेत. जिथे नाही झाले तिथे कंपनीला पॅसेंजरची सवय प्यारी आहे, डीलरची फुफ्फुसं नाही, हे माझं प्रामाणिक मत.

राहायचं म्हणाल तर क्रूच्या केबिन खाली, बऱ्याचशा पाण्याच्या रेषेच्या खाली, खिडकी नाही, दोघींत एक खोली, वर-खाली बेड, त्याला पडदा, आणि बाथरूम एवढं की कोपर आपटतं. रूममेट कॅसिनोचीच मिळाली तर देवाची कृपा, कारण दुसऱ्या डिपार्टमेंटची असेल तर तुम्ही पहाटे चारला येणार आणि तिचा अलार्म साडेपाचला. कॅसिनो स्टाफला अनेक जहाजांवर पॅसेंजर भागात वावरायची, बुफेत जेवायची परवानगी असते, ही मोठी गोष्ट आहे, महिनोन्महिने नुसत्या क्रू मेसचं जेवण आणि ट्यूबलाइटचा उजेड मनाला खातो. ज्यांना ही परवानगी नाही त्यांच्यासमोर ती मिरवू नका एवढंच.

मुलींसाठी वेगळं लिहिते. रात्री दोननंतर प्यायलेले लोक काय काय बोलतात ते इथे लिहिणार नाही. टेबलावर मला कधी भीती वाटली नाही कारण वर कॅमेरे, मागे पिट बॉस, आणि चांगला पिट बॉस असेल तर तो त्या माणसाला एका वाक्यात उठवतो. पण शिफ्ट संपल्यावर कॅसिनोतून क्रूच्या दरवाज्यापर्यंतचा पॅसेंजर कॉरिडॉर, तिथे एकटीने जाऊ नका, आम्ही नेहमी दोघी-तिघी मिळून जायचो. काही झालं तर त्याच रात्री सिक्युरिटीत लेखी द्या, सकाळपर्यंत थांबू नका.

घरापासून लांब राहण्याचं सगळे सांगतात म्हणून थोडक्यात. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते आठ महिन्यांचं, मग दोनेक महिने सुट्टी आणि बहुतेक ठिकाणी ती बिनपगारी, हे वर्षाचा हिशोब करताना लोक विसरतात. २०२२ नंतर जहाजांवर स्टारलिंक (सॅटेलाइटचं इंटरनेट) यायला लागलं तेव्हापासून व्हिडिओ कॉल नीट होतात, आधी मी बंदरात उतरून पहिल्यांदा वायफाय शोधायचे आणि मग जेवण. पण माझ्या बहिणीचं बाळ मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते पाच महिन्यांचं होतं आणि मला बघून रडलं. उरलेला अर्धा स्टार तिथे कापलाय.

ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी. डीलरला इंटरव्ह्यूत टेबल टेस्ट असते, किमान दोन गेम हातात बसलेले असू द्या, ब्लॅकजॅक आणि रुलेट असेल तर उत्तम. अनुभव नसेल तर केज किंवा स्लॉट मशीनच्या विभागातून आत शिरता येतं. मेडिकल आणि एसटीसीडब्ल्यूचं (जहाजावरच्या लोकांच्या ट्रेनिंगचे आंतरराष्ट्रीय नियम) बेसिक सेफ्टी ट्रेनिंग लागतं, आग विझवणं, पाण्यात उडी, फर्स्ट एड वगैरे. आणि नोकरी लावून देण्यासाठी एजंटने फी मागितली तर सरळ उठून या. त्याच मेरीटाइम कन्व्हेन्शनमध्ये लिहिलंय की भरतीसाठी सीफेअररकडून पैसे घ्यायचे नाहीत, तुमच्या खिशातून फक्त मेडिकल सर्टिफिकेट, सीमन बुक (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि पासपोर्ट; व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर घरी परतायचं तिकीटही त्याचंच. माझ्यासोबतच्या एका मुलाने घरचं सोनं गहाण ठेवून एजंटला पैसे दिले होते, त्याचं पहिलं अख्खं कॉन्ट्रॅक्ट ते फेडण्यात गेलं आणि तो बंदरात खर्च नको म्हणून उतरायचाच नाही. आठ महिने त्याने जहाजाच्या कठड्यावरून सगळी गावं बघितली.

सही करण्याआधी हे विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा: रूट कुठला, दोन आठवड्यांत सी डे किती, कॅसिनोत सिगारेट चालते का, टिप्स कशा वाटतात आणि त्यात सुपरवायझरचा हिस्सा आहे का, पॅसेंजर भागात जायची परवानगी आहे का, रूममेट कुठल्या डिपार्टमेंटची. मी पाचव्या कॉन्ट्रॅक्टसाठी गेल्या आठवड्यात हेच सगळं लिहून पाठवलंय. सिगारेटचं उत्तर अजून आलं नाही, ते येईपर्यंत मी सही करणार नाही.